हिरवी पडलेली वायर

भावा, साताऱ्याचे चार पावसाळे खाल्लेल्या व्हेलोमोबाइलचा, म्हणजे कवच चढवलेल्या पेडलच्या गाडीचा, दिवा मिणमिणणारच. बल्ब बदलत बसू नको. आधी बॅटरी सोडव. कनेक्टरपाशी हिरवी पूड दिसली, तर नुसतं घासून भागत नाही. ओल तारांच्या पेडांतून आवरणाखाली आत चढलेली असते. इंचभर सोल. तांबं काळं निघालं, तर लख्ख लाल दिसेपर्यंत कापत जा. माझी एकदा वीतभर गेली! जोड नीट क्रिंप कर, म्हणजे पकडीने घट्ट दाब, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढव. टेप नकोच, तिच्याखाली ओल कोंडते. कनेक्टरकडे येणारी वायर आधी झोळासारखी खाली सोड, मग वर घे. थेंब झोळाशीच गळतात. नवी वायर कल्हई केलेल्या तांब्याचीच घे. आणि फ्यूज बॅटरीला अगदी लागून हवा. यवतेश्वरचा घाट चढताना कवचात घामाघूम बसलेल्याला तापलेली वायर लवकर कळत नाही.