तिन्हीसांजेची जास्वंद आणि खाडीवरचा खंड्या

प्रश्न : आमच्या गॅलरीत तांबडी जास्वंद आहे. दिवेलागणीच्या सुमारास तिची फुले काळपट दिसू लागतात, पाने मात्र त्या मानाने उजळ वाटतात. हा माझ्या डोळ्यांचा दोष आहे का? (एक वाचक, कळवा)

दोष मुळीच नाही. उलट, रोज समोर असूनही बहुतेकांच्या नजरेतून निसटणारी गोष्ट तुम्ही टिपली आहे. आपल्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी सुमारे 60 लाख असतात. त्यांना भरपूर उजेड लागतो आणि रंगांची ओळख त्यांच्यामुळेच होते. दंडाकार पेशी सुमारे 12 कोटी असतात. त्या अगदी मंद उजेडातही काम करतात, पण रंग सांगू शकत नाहीत. संध्याकाळी उजेड ओसरू लागला की पहिल्या प्रकारच्या पेशींचे काम हळूहळू दुसऱ्या प्रकारच्या पेशींकडे जाते. दंडाकार पेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत चांगला प्रतिसाद देतात आणि तांबड्या प्रकाशाला जवळजवळ देतच नाहीत. त्यामुळे पानांकडून येणारा प्रकाश त्यांना जाणवतो, फुलाकडून येणारा जाणवत नाही. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने याचे वर्णन केले, म्हणून याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात.

याच पेशींविषयी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांच्यातले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विघटित होते आणि अंधारात पुन्हा तयार व्हायला अर्धा तास तरी लागतो. येऊरच्या पायथ्याशी तारे पाहायला गेलेल्या मंडळींपैकी एकाने जरी मोबाइलचा पडदा उजळला, तरी त्याकडे पाहणाऱ्यांनी धीराने कमावलेली अर्ध्या तासाची दृष्टी क्षणात जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते. अशा वेळी मंद लाल दिवा वापरावा. कारण तेच, जे तुमच्या जास्वंदीचे.

प्रश्न : श्रावणात भर दुपारी ऊन आणि पाऊस एकत्र असूनही इंद्रधनुष्य का दिसत नाही? (एक विद्यार्थी, ठाणे)

इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला दिसते. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहिल्यावर आपल्या डोक्याची सावली जिकडे पडते, त्या दिशेभोवती सुमारे 42 अंशांवर धनुष्याची कमान असते. पावसाच्या थेंबात शिरताना वाकलेला प्रकाश आतल्या बाजूने परावर्तित होऊन बाहेर पडताना पुन्हा वाकतो आणि त्याच कोनाच्या आसपास एकवटतो. म्हणून सूर्य क्षितिजापासून 42 अंशांहून वर गेला की सगळी कमान क्षितिजाखाली जाते. ठाणे उत्तर अक्षांश 19 अंशांच्या जरा पुढे असल्याने जुलैअखेरीस तर मध्यान्हीचा सूर्य आपल्या थेट डोक्यावर असतो. त्या दिवसांत इंद्रधनुष्य शोधायचे तर सकाळी साधारण सव्वानऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. सकाळी येऊरच्या डोंगराकडे, म्हणजे पश्चिमेला पाहावे आणि संध्याकाळी पारसिकच्या डोंगराकडे, पूर्वेला. दुपारीच पाहायचे असेल तर उंचावर उभे राहून खाली उडणाऱ्या तुषारांकडे पाहावे. सोसायटीच्या बागेत पाइपने पाणी घालतानाही ते पायाशी उमटते.

प्रश्न : वय 44. वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते. डोळ्यांच्या व्यायामाने फरक पडेल का? (एक वाचक, नेरूळ)

नाही. डोळ्यातले भिंग वयानुसार ताठर होत जाते आणि जवळचे पाहण्यासाठी लागणारा फुगीरपणा त्याला घेता येत नाही. याला आपल्याकडे ‘चाळिशी’ म्हणतात ते अगदी नेमके आहे. चष्मा लावावा, मात्र रस्त्यावरून तयार चष्मा घेण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, कारण काचबिंदू बहुधा कोणतीही तक्रार न करता वाढतो आणि तो अशा तपासणीतच सापडतो.

प्रश्न : खाडीतले रोहित पक्षी गुलाबी असतात ते खाण्यामुळे, असे ऐकले. मग खंड्या निळा कशामुळे? (एक वाचक, ऐरोली)

रोहित पक्ष्यांविषयी तुम्ही ऐकले ते खरे आहे. शेवाळ आणि बारीक कोळंबीसदृश जीव यांतील कॅरोटिनॉइड द्रव्ये त्यांच्या पिसांत उतरतात. पिल्ले करडीच असतात. खंड्याच्या पिसात मात्र निळे रंगद्रव्य मुळीच नसते. त्याच्या पिसांत केराटिन (नखे-केस ज्याचे बनतात ते प्रथिन) आणि हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या अशा अंतराने रचलेल्या असतात की त्यांवरून विखुरलेल्या प्रकाशापैकी निळ्या तरंगलांबीचा प्रकाश एकमेकांना बळ देतो आणि बाकीचा क्षीण होतो. म्हणजे तो रंग द्रव्याचा नसून रचनेचा असतो. खाडीकाठी गळून पडलेले असे एक पीस मी जागेवरच निरखले होते. ऊन माझ्या पाठीमागून पिसावर पडत होते तोवर ते झळझळीत निळे होते. तेच सूर्यासमोर आडवे धरून आरपार आलेल्या उजेडात पाहिले, तेव्हा त्यातला निळेपणा नाहीसा होऊन मागे उरली ती साधी तपकिरी छटा.