शेतकऱ्यांच्या आठवडे बाजारात भाजी घ्यायला पहिल्यांदाच जातोय. किती वाजता जावं? भाव करावा का?

भाव खुशाल करा, पण भेंडी मोडू नका.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक मिळाली. राज्याच्या पणन मंडळाच्या संत सावता माळी आठवडे बाजारांचा, जिथे शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकतो, तेव्हा बराच गाजावाजा होता, म्हणून आमचे अण्णाही गावातल्या शेतकरी गटाबरोबर पुण्याला माल आणायला लागले. मी कोथरूडला राहायचो, सुट्टी बघून त्यांच्या टेबलामागे उभा राहायचो. पहिल्याच दिवशी एक बाई आल्या. भेंडी उचलायची, अंगठ्याने शेंडा टचकन मोडायचा. मोडला म्हणजे कोवळी. मग ती पिशवीत? छे! परत ढिगात, आणि पुढची हातात. असं करत शेवटी घेतली पावशेर. त्यांचं बघून बाकीच्यांनीही तेच केलं. संध्याकाळी क्रेटच्या तळाशी शेंडे मोडलेली दीड किलो भेंडी उरली, मोडल्या जागी काळी पडत चाललेली. अण्णा काही बोलले नाहीत. रात्री भेंडी, दुसऱ्या दिवशी डब्यातही भेंडी.

त्या रात्री जेवताना आमचे दाजी म्हणाले, "मधला दलाल गेला ना, मग अर्ध्या भावात द्यायला काय होतं?" त्या हंगामातली अडत्याची मेथीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, माझ्याकडे अजून आहे. २०० जुड्या, शेकडा ३०० रुपये, म्हणजे ६००. हमाली आणि टेम्पोभाडं जाऊन हातात २४०. आठवडे बाजारात तीच जुडी दहाला जायची, हे खरं. पण पहाटे उपटणं, जुड्या बांधणं, टेम्पो भरणं, मग सहा तास उभं राहून सुट्टे पैसे मोजणं आणि उरलेला माल परत नेणं, हे सगळं अण्णांच्याच अंगावर. दाजी, ज्वेलरकडे मजुरी निमूट देता, तिथे तुमची जीभ कधी उचलली नाही.

असो. वेळ विचारलीत ना? बाजार लागल्यावर तासाभरात पोचा, पालेभाजी तेव्हाच टवटवीत असते. शेवटी गेलात तर स्वस्त मिळेल, पण वेचून उरलेलं मिळेल. सुट्टे आणि दोन-तीन कापडी पिशव्या न्या, टोमॅटो वेगळे ठेवा.

आणि हो, तिथे बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो. एकाच टेबलावर सफरचंद, किवी, बटाटे दिसले तर तो व्यापारी समजा. गटाचं टेबल असेल तर चार घरचा माल एकत्र असतो, त्यात वावगं काही नाही. 'सेंद्रिय' अशी पाटी दिसली तर प्रमाणपत्र मागा, नुसत्या पाटीला जादा पैसे देऊ नका. दाजी देतात.

भेंडी कोवळी हवी असेल तर लहान बघून घ्या. मोडलीच, तर ती तुमच्या पिशवीत.