सुतक कुणी पाळलंच नाही

"बाई, मेल्यावर माझं करणार कोण?"

पुण्यातल्या आमच्या समुपदेशन केंद्रात मी दर गुरुवारी बसते. पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी तृतीयपंथी व्यक्तींनी हाच प्रश्न मला विचारला आहे. परवा एका तरुण चेलीनं, म्हणजे गुरूच्या शिष्येनं, त्याचीच दुसरी बाजू मांडली. "आमच्या गुरू दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतात. घरात आम्ही सहाजणी आहोत, मग यांना एकटं का वाटतं?" तिच्याशी बोलताना मला रुक्मिणीमावशी आठवत राहिल्या. (नाव बदललं आहे. लिहायची परवानगी त्यांनीच दिली.)

मावशी तेव्हा 64 वर्षांच्या होत्या. मूळच्या सोलापूरकडच्या, लहानपणीच यल्लम्माला सोडलेल्या, पुढं पुण्यात डेऱ्यात, म्हणजे गुरू-चेल्यांच्या घरात, आलेल्या. गुडघे गेले तशी मंगती (फिरून पैसे मागणं) थांबली, बधाईही (लग्न-बारशाला जाऊन आशीर्वाद देणं) थांबली. चेल्या वेळेवर जेवायला वाढत, औषधं आणत. तरी पहाटे 3 वाजता जाग यायची ती यायचीच.

पहिल्या दिवशी त्यांनी मलाच जोखलं.

"फी किती तुझी?"

"इथं फी नाही, मावशी."

"मग माझं ऐकून तुला काय मिळणार?"

"तुमची ओळख होईल."

"बघू," म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास न उचलता उठल्या.

सुरुवातीला मी हाताशी असलेली कामं केली. मनोविकारतज्ज्ञांकडून तपासून घेतलं, थायरॉईड आणि बी-12 पाहिलं, गोळ्या सुरू झाल्या. हे करायलाच हवं. उतारवयातली उदासी 'वयाचं आहे' म्हणून सोडून देण्यासारखी नसते. तृतीयपंथी ओळखपत्राचा अर्ज भरला, संजय गांधी निराधार योजनेचाही भरला. झोप थोडी सुधारली, पण प्रश्न तसाच राहिला. त्या विचारायच्या, "माझं करणार कोण?" मी म्हणायची, "चेल्या आहेत की." त्यावर त्या गप्प बसायच्या. माझ्या धीर देण्यानंच त्यांचं बोलणं खुंटत होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आठव्या भेटीला त्या बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकण गंजून घट्ट बसलेलं, त्यांनी ते बांगडीनं उचकटलं. आत दोन दाते मोडलेला कंगवा होता. लाल दोऱ्यात ओवलेलं एकच घुंगरू, काळा पडलेला चांदीचा छल्ला, लाल टिकल्यांचं पाकीट. पाकिटातल्या दोनच टिकल्या वापरलेल्या होत्या. तळाशी घडीवर फाटत आलेला एक केसपेपर. एकेक वस्तू त्यांनी टेबलावर मांडली, मध्ये सारखं अंतर ठेवून, पंगतीची पानं मांडावीत तशी.

"या माझ्या पाचजणी. 1996 ते 2003."

सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली 2004 साली. या पाचजणी त्याआधीच गेल्या होत्या.

केसपेपरवर एका पुरुषाचं नाव होतं. "ही मंगल. वॉर्डात या नावानं पुकारायचे, ती ओ द्यायची नाही. गेली तेव्हा बाप आला, याच नावानं घेऊन गेला. मला फाटकाबाहेर उभं केलं."

मी विचारलं, "मंगलचं तुम्हाला भेटायला कोण आलं होतं?"

बराच वेळ त्या छल्ला फिरवत राहिल्या. "डेऱ्यात रडलो आम्ही. पण बाहेरचं कोण येतंय? सुतक रक्ताच्यांना. मी कोण तिची? तिसऱ्या दिवशी सिग्नलला उभी होते."

"मग आज मी भेटायला आले आहे असं समजा. मंगल कशी होती?"

आधी त्यांनी पदर तोंडावर घेतला. मग बोलू लागल्या. मंगलला भाकरी थापता यायची नाही, चौंडकं मात्र असं वाजवायची की लोक दारात येऊन थांबायचे. भेटीची वेळ मी सहसा मोडत नाही. त्या दिवशी मावशी पावणेदोन तास बोलल्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही हे बरोबरच केलं असं आजही वाटतं.

त्या दिवशी मला कळलं की 'माझं करणार कोण' या प्रश्नात 'कुठल्या नावानं करणार' हा दुसरा प्रश्न दडलेला होता. घरात सहाजणी असूनही एकटं वाटतं, कारण त्यांतल्या एकीनंही तुम्हाला तिशीत पाहिलेलं नसतं. ज्यांनी पाहिलं, त्या डब्यात. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञानं 1963 सालीच मांडलं होतं की म्हाताऱ्या माणसानं मागचं आठवत बसणं हे मन बिघडल्याचं लक्षण नाही, ते त्या वयाचं कामच आहे. माझा या विचारावर पूर्ण विश्वास आहे. पण हे काम करायला समोर ऐकणारं कुणीतरी लागतं.

त्या चेलीला मी म्हणूनच सांगितलं, "बरं वाटतंय का" असं सारखं विचारू नकोस. "आमच्या आधी या घरात कोण होतं?" असं विचार. त्या रडल्या तर गप्प करू नकोस. मात्र जेवण तुटलं, जवळच्या वस्तू वाटून टाकायला लागल्या, मरणाची भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं ने. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो.

कागदांचंही टाळू नये. मानसिक आरोग्य कायदा 2017 नुसार, मानसिक आजाराच्या उपचारांसाठी आपला प्रतिनिधी कोण हे साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून ठरवता येतं, आणि तो रक्ताचाच असावा लागत नाही. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. 'माझे अंत्यविधी या नावानं, या माणसांनी करावेत' अशी इच्छा त्यात स्पष्ट लिहावी. ते लिहिताना घरातल्यांनी शेजारी बसावं. आणि गावाकडच्या भावा-पुतण्यांनो, फोन करणार असाल तर त्यांचं आजचं नाव घेऊन करा.

मंगलची तिथी मावशींना आठवत नव्हती, बाकी चौघींचीही नाही. त्यांनीच तोड काढली: "सर्वपित्रीला चालतं की." अमावास्येनंतरच्या गुरुवारी त्या स्टीलच्या डब्यात माझ्यासाठी खीर घेऊन आल्या.

"पाच पानं वाढली. धाकटी विचारती, यातली चौंडकंवाली कुठली? मग काय, रात्री 2 वाजेपर्यंत बसलो सगळ्या. खा की, गार होतीय."