ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं?

(या वेळी विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या कारभाराबद्दलची पत्रं जास्त आली. चार निवडली आहेत. पत्रं आटोपशीर केली असून विद्यापीठांची, महाविद्यालयांची आणि माणसांची नावं काढली आहेत.)

प्रश्न: मी अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर (विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारं मंडळ) माझी नियुक्ती झाली. बैठकीच्या आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर अभ्यासक्रमाची पीडीएफ आली. प्रात्यक्षिकांचे तास कमी केले होते, त्याला मी बैठकीत विरोध केला. अध्यक्ष हसून म्हणाले, "काहून वाद घालता मॅडम, वरूनच आलं आहे ते." इतिवृत्तात "एकमताने मंजूर" असं आलं. पुढे तोच अभ्यासक्रम डायरेक्शन (कुलगुरूंचा निदेश) म्हणून निघाला, तोही मंडळापुढे कधीच न आलेल्या बदलांसकट. राजीनामा द्यावा असं वाटतं. द्यावा का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: नका देऊ. तुमच्या जागी दुसऱ्या दिवशी जो येईल, तो पीडीएफसुद्धा उघडणार नाही.

आधी "वरून आलं" या दोन शब्दांचं पाहू, कारण अर्धी विद्यापीठं सध्या त्यांच्यावरच चालली आहेत. वरून काय आलं? नव्या शैक्षणिक धोरणाचा श्रेयांकांचा (क्रेडिटचा) आराखडा शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या निर्णयाने आला. कोणत्या सत्रात मुख्य विषयाला किती श्रेयांक, कौशल्याला किती, भाषेला किती, हे त्यात ठरलं. ते अभ्यास मंडळाला बदलता येत नाही, हे मान्य. पण त्या श्रेयांकात काय शिकवायचं, कोणता प्रयोग ठेवायचा, कोणता गाळायचा, हे मंत्रालयातून येत नाही. ते मंडळाचंच काम. आणि तासांचा हिशेब तर साधा आहे. एक श्रेयांक म्हणजे सत्रात 15 तास व्याख्यान किंवा 30 तास प्रात्यक्षिक. तुमच्या प्रात्यक्षिकाला 2 श्रेयांक असतील तर 60 तास हवेत. कागदावर 2 श्रेयांक आणि वेळापत्रकात 30 तास असतील, तर वाद मताचा उरत नाही, चूक हिशेबाची ठरते. पुढच्या बैठकीला हा आकडा लिहून न्या. "विद्यार्थ्यांचं नुकसान होईल" या वाक्याला बैठकीत सगळे माना हलवतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. 60 आणि 30 या आकड्यांपुढे मान हलवून भागत नाही.

आता इतिवृत्त. तुम्ही बोललात, पण लिहून दिलं नाहीत, असा माझा अंदाज आहे. बहुतेक जण देत नाहीत. बैठक संपते, उपस्थिती पत्रकावर सही होते, त्याच हाताने टीए-डीएच्या बिलावर सही होते, समोसा संपतो आणि लोक बस पकडायला निघतात. इतिवृत्त नंतर कोणीतरी मागच्या वर्षीच्या नमुन्यावरून करतं. त्या नमुन्यात "एकमताने" आधीपासूनच टाइप केलेलं असतं. दरवेळी त्यामागे दुष्ट हेतू असतो असं नाही, आळसही असतो. पण कागदावर दोघांचाही परिणाम सारखाच.

त्यावर उपाय आहे आणि तो विषयपत्रिकेतच असतो. कोणत्याही बैठकीत पहिला विषय "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे" हा. लोक त्याला औपचारिकता समजतात. खरं तर सदस्याच्या हातातली सगळ्यात मोठी जागा तीच. पुढच्या बैठकीआधी अध्यक्षांना पत्र द्या आणि प्रत कुलसचिव (रजिस्ट्रार) कार्यालयात आवक क्रमांक घालून घ्या. पत्र एवढंच: "अमुक तारखेच्या बैठकीतील विषय क्रमांक अमुक यावर मी पुढील मुद्द्यांवर विरोध केला होता. इतिवृत्तात त्याची नोंद नाही. इतिवृत्त कायम करण्यापूर्वी माझे विरोधी मत नोंदवावे." खाली मुद्दे, दोन किंवा तीन. विशेषणं नकोत. "लोकशाहीचा खून" वगैरे तर मुळीच नको. तो शब्दप्रयोग पाहिला की वाचणारा पुढचं वाचत नाही. आणि पोच घ्या. पोच नसलेलं पत्र म्हणजे कँटीनमधली चर्चा.

मुख्य प्रश्न डायरेक्शनचा आहे. अभ्यासक्रम अभ्यास मंडळाकडून विद्याशाखेकडे (फॅकल्टी) आणि तिथून विद्या परिषदेकडे (अकॅडमिक कौन्सिल) जावा, हा सरळ रस्ता. तो टाळायला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 च्या कलम 12 मध्ये दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. 12(7) म्हणजे तातडीची वाट. तातडीची कारवाई गरजेची आहे असं कुलगुरूंना वाटलं तर ते निर्णय घेऊ शकतात, पण तो ज्या प्राधिकरणाचा, म्हणजे मंडळाचा किंवा परिषदेचा, विषय होता त्याला कळवावा लागतो. प्राधिकरणाला पटलं नाही तर प्रकरण कुलपतींकडे जातं. 12(8) म्हणजे रिकाम्या जागेची वाट. एखाद्या बाबीवर परिनियम, अध्यादेश किंवा विनियमच नसेल तर कुलगुरू तात्पुरता निदेश काढतात. आपण सगळे ज्याला डायरेक्शन म्हणतो ते हेच. तो संबंधित प्राधिकरणापुढे मंजुरीला ठेवायचा असतो आणि सहा महिन्यांत त्याचं रीतसर नियमात रूपांतर झालं नाही तर तो आपोआप संपतो.

म्हणून डायरेक्शन हातात आलं की तीन ठिकाणी पाहा. वर कोणतं कलम लिहिलंय, खाली तारीख कोणती, आणि सहा महिन्यांत ते कोणत्या बैठकीत, कोणत्या विषय क्रमांकाखाली ठेवलं गेलं. पहिली दोन उत्तरं कागदावरच मिळतात. तिसऱ्यासाठी कुलसचिवांना पत्र लिहा. विद्या परिषद आणि व्यवस्थापन परिषद, दोन्हींचे सचिव तेच. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि उत्तराला 30 दिवस. सदस्याने स्वतःच्याच मंडळाचे कागद माहितीच्या अधिकारात मागावेत हे लाजिरवाणं आहे, पण ती लाज मागणाऱ्याची नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. 1994 च्या जुन्या विद्यापीठ कायद्यात अधिष्ठाता (डीन) विद्याशाखेतून निवडून यायचे. 2016 च्या कायद्याने चार विद्याशाखा केल्या आणि अधिष्ठाता पूर्णवेळ, नियुक्त झाले. अभ्यास मंडळावरही विभागप्रमुखांमधून निवडून येणारे तीनच. बाकीचे नियुक्त किंवा स्वीकृत. जुनी पद्धत सोवळी नव्हती. गट होते, पॅनल होती, जेवणावळी होत्या, आणि विषयाशी काडीचा संबंध नसलेले लोक मतांच्या जोरावर मंडळावर यायचे. पण निवडून आलेला माणूस पुन्हा मत मागायला स्टाफरूममध्ये यायचा. तेव्हा त्याला दारातच विचारता यायचं. नियुक्त सदस्याला कोणी विचारायचं? त्याची मुदत दुसऱ्याच्या सहीवर असते आणि ती सही कोणाची हे त्याला रोज आठवतं. तुम्हीही नियुक्त आहात, तरी बोललात. म्हणूनच राजीनामा नको म्हणते.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती आहे. मी शिक्षकांमधून निवडून आलेली सदस्य आहे. पण बैठक होत नाही. शिपाई रजिस्टर घेऊन वर्गाच्या दारात येतो आणि "मॅडम, इथे सही" म्हणतो. आत ठराव आधीच लिहिलेले. सही नाकारली तर संस्थेचे सचिव नाराज होतील. काय करावं?
– सौ. क., नागपूर

उत्तर: ताई, सही करण्याआधी ते पान वाचा. वर्ग सुरू असला तरी. मुलं पाच मिनिटं थांबतील. आणि शिपायावर रागावू नका, तो बिचारा सांगितलेलं काम करतो.

जुन्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी ही समिती 2016 च्या कायद्याच्या कलम 97 ने आली. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, एक विभागप्रमुख, पूर्णवेळ शिक्षकांनी निवडलेले तीन शिक्षक आणि त्यांत किमान एक महिला, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांमधून एक, बाहेरचे चार स्थानिक सदस्य, गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव, आणि सदस्य-सचिव म्हणून प्राचार्य. वर्षातून किमान चार बैठका. अंदाजपत्रकाची शिफारस, नवे अभ्यासक्रम, विकास आराखडा, हे सगळं या समितीचं काम. म्हणजे तुमच्या महाविद्यालयात यंदा कोणती नवी तुकडी निघाली आणि प्रयोगशाळेवर किती खर्च झाला, त्यावर कागदोपत्री तुमची सही आहे. उद्या लेखापरीक्षणात प्रश्न आला तर "मला माहीत नव्हतं" म्हणता येणार नाही.

सही नाकारण्याचं भांडण आजच नको. सहीखाली तारीख घाला आणि लिहा, "बैठक झाली नाही, रजिस्टर वर्गात आणून दाखवले." एवढंच. शाईच्या पेनने. पुढच्या वेळी रजिस्टर तुमच्याकडे येण्याआधी प्राचार्य तुम्हाला बोलावतील. ते बोलणं गोड असेल. तेव्हा एकच मागा: पुढच्या बैठकीची तारीख आणि विषयपत्रिका, लेखी. प्राचार्य सदस्य-सचिव आहेत, बैठक बोलावणं त्यांचं काम आहे, हेही गोडीनेच सांगा. बाकीच्या दोन निवडून आलेल्या शिक्षकांना आधी विश्वासात घ्या. एकटीची ओळ खोडता येते. तिघांनी तीच ओळ लिहिली की खोडणं अवघड.

संस्थाचालकांच्या नाराजीबद्दल मी खोटा धीर देणार नाही. ती असते, आणि ती वर्गाच्या वेळापत्रकात, रजेच्या अर्जात, परीक्षेच्या कामात दिसते. पण तुमची नियुक्ती मान्यताप्राप्त आहे आणि पगार शासनाकडून येतो. तुमच्याइतकी सुरक्षित जागा त्या रजिस्टरवर दुसऱ्या कोणाची नाही.

प्रश्न: प्राध्यापक संघटना आता काहीच करत नाहीत. परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तर एका आठवड्यात सगळं सरळ होईल. तुमचं मत?
– एक निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

उत्तर: सर, 2013 आठवा. 4 फेब्रुवारी ते 10 मे, एमफुक्टोचा, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाचा, परीक्षेच्या कामावरचा बहिष्कार. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि 1991 ते 2000 दरम्यान लागलेल्या बिगर-नेटसेट (नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा न दिलेल्या) शिक्षकांचा प्रश्न, दोन्ही मागण्या न्याय्य होत्या. शेवट उच्च न्यायालयात झाला आणि कापलेल्या 71 दिवसांच्या पगाराचं प्रकरण पुढे वर्षानुवर्षं चाललं. लोकांच्या लक्षात मात्र एवढंच राहिलं की मास्तरांनी पेपर तपासले नाहीत. डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघतो, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवला जातो, निवेदन दिलं जातं. त्यालाही माझा विरोध नाही. पण जुन्या पिढीने आणखी एक गोष्ट केली होती, ती आता कमी झाली. नुटाच्या (नागपूर विद्यापीठ शिक्षक संघटना) बुलेटिनात शासन निर्णय, परिपत्रकं, न्यायालयाचे निकाल पूर्ण छापून यायचे आणि खेड्यातल्या महाविद्यालयातला शिक्षकही कलम क्रमांकासकट बोलायचा. नुटाचे प्रा. बी. टी. देशमुख विधान परिषदेत उभे राहिले की समोरच्याला फाईल उघडावी लागायची. आज सगळे कागद मोबाइलवर येतात आणि "फॉरवर्डेड" म्हणून पुढे जातात.

प्रश्न: मी तासिका तत्त्वावर शिकवतो. नेट आहे, पीएचडी आहे. दोन महाविद्यालयांत मिळून आठवडाभर शिकवतो, पेपर तपासतो, पर्यवेक्षण करतो. विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेट) निवडणुकीत मला मत आहे का?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर: शिक्षक म्हणून नाही. कायद्याच्या व्याख्येत शिक्षक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त. अधिसभेवर महाविद्यालयीन शिक्षकांमधून 10 जण निवडून जातात आणि त्यांना निवडणाऱ्या यादीत तुमचं नाव येत नाही. ज्या महाविद्यालयांत अर्धेअधिक तास तुमच्यासारखे घेतात, तिथला शिक्षकांचा प्रतिनिधी उरलेल्यांच्या मतांवर निवडून येतो. त्यामुळे त्याच्या भाषणात वेतननिश्चिती आणि पदोन्नती येते, तुमच्या मानधनाची बिलं येत नाहीत. त्याला दोष देऊन काय करणार, तुम्ही त्याचे मतदारच नाही.

पण दुसरं दार उघडं आहे. नोंदणीकृत पदवीधरांमधूनही अधिसभेवर 10 जण जातात. तुम्ही त्याच विद्यापीठाचे पदवीधर असाल तर तिथे मतदार होऊ शकता. पदवी मिळाली म्हणून नाव आपोआप लागत नाही, नोंदणी करावी लागते. दरवेळी राजकीय विद्यार्थी संघटना गठ्ठ्याने अर्ज भरून घेतात आणि प्राध्यापक मंडळी "आपल्याला काय त्याचं" म्हणून बाजूला राहतात. एका जिल्ह्यातल्या तासिका तत्त्वावरच्या सगळ्यांनी नोंदणी केली तर उमेदवारांना तुमच्या बिलांबद्दल बोलावंच लागेल. नोंदणीची सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर निघते आणि मुदत संपल्यावरच बहुतेकांना कळते. पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून अजून उचललं नसेल, तर त्याचा अर्ज याच आठवड्यात टाका.