इटलीत समुद्रकिनारी कमी खर्चात राहायचं तर हॉटेल कसं ठरवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई, सगळे शाकाहारी. 15 ऑगस्टच्या सुट्टीला जोडून रिमिनीला सहा रात्री राहायचंय. एका हॉटेलात चौघांची खोली नाश्त्यासह रात्रीला 180 युरोंना मिळतेय. दुसऱ्यात नाश्ता, रात्रीचं जेवण, एसी आणि किनाऱ्यावरची छत्री धरून 260 सांगतायत. कुठलं घ्यावं?

या दोघांतलं निवडायचं तर 260 वालं घ्या. पण त्याआधी तारखा बदलता येतात का ते बघा, कारण सगळ्यात मोठी बचत तिथे आहे.

मी बोलोन्यात राहते. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी रिमिनीची गाडी पकडायची हा इथला शिरस्ताच आहे, आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांची सोयही मी बहुतेक वेळा तिथेच करते. सासूबाई बरोबर असताना तुम्ही चिंक्वे तेर्रे किंवा पोझितानोऐवजी रिमिनी निवडलंत हे फार चांगलं केलंत. तिकडे डोंगरउतारावर वसलेली गावं, जिकडे बघावं तिकडे पायऱ्या, आणि खोल्यांचे भाव अवाच्या सवा. रिमिनी सपाट आहे. साधारण 15 किलोमीटरचा वाळूचा किनारा, आणि पाणी इतकं उथळ की मुलगी बरंच आत गेली तरी कमरेएवढंच लागतं. मात्र फोटोत दिसतं तसं निळंशार पाणी इथे नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आणि किनाऱ्याचं तोंड पूर्वेकडे असल्यामुळे आपल्या कोकणासारखा सूर्यास्त समुद्रात दिसत नाही, सूर्योदय दिसतो.

आता तारखा. 15 ऑगस्ट आपल्याकडे स्वातंत्र्यदिन, तर इटलीत त्याच दिवशी फेर्रागोस्तो, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी सुट्टी. अख्खा देश त्या आठवड्यात समुद्रावर असतो. हॉटेलांचे दर शिगेला पोचलेले असतात, आणि सात रात्रींपेक्षा कमी मुक्कामाला बरेच जण खोलीच देत नाहीत. तुमच्या सहा रात्रींसाठीसुद्धा काही ठिकाणी सातचेच पैसे मागतील.

मुलीची शाळा जूनच्या मध्यावर उघडत असेल तर मेचा शेवटचा आठवडा ते 10 जून हा काळ तुमच्यासाठी अगदी योग्य आहे. इटलीतल्या शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालू असतात, त्यामुळे इथली कुटुंबं अजून घरीच असतात. हॉटेलं मात्र उघडलेली असतात आणि खोल्या भरायच्या असल्यामुळे भाव करायलाही तयार असतात. तीन तारांकित हॉटेलात रात्रीच्या जेवणासह माणशी 50 ते 60 युरो हा दर तेव्हा मिळू शकतो, आणि मुलांना वेगळी सवलत असते. पाणी थोडं गार असतं, तेवढं चालवून घ्यावं लागतं. त्यातही 2 जूनच्या आसपासचा शनिवार-रविवार टाळा. तो इटलीचा प्रजासत्ताक दिन, सुट्ट्या जोडून लोक बाहेर पडतात. सप्टेंबरमध्ये पाणी छान कोमट असतं, पण त्या महिन्यात जवळच्या मिझानोला मोटो-जीपी ही मोटारसायकलींची मोठी शर्यत असते आणि तो आठवडा पाऽर भरलेला असतो. त्याची तारीख आधी बघून घ्या. दिवाळीच्या सुट्टीचा विचारही करू नका, किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं तोवर कुलूप लावून बसलेली असतात.

आता तुमच्या त्या दोन हॉटेलांच्या दरांकडे येते. 180 वाल्यात रात्रीचं जेवण बाहेर. चौघांनी साधंच खाल्लं, म्हणजे पास्ता, एखादी भाजी आणि पाणी, तरी 80-90 युरो होतात. त्यात टेबलावर बसण्याचे माणशी दोन-तीन युरो असतात, त्याला कोपेर्तो म्हणतात. स्वस्त हॉटेलांत काही ठिकाणी एसीचे रोजचे पैसे वेगळे घेतात. किनाऱ्यावर एक छत्री आणि दोन आरामखुर्च्या यांचे 25-30 युरो धरा. झाले 300च्या आसपास. रिमिनीत खोलीचा दर कधीच एकटा बघू नये, अख्ख्या दिवसाचा हिशेब मांडावा, आणि तो मांडला की जेवणासकटचं हॉटेल बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

याला कारण आहे. रिमिनीत समुद्रस्नानाचं पहिलं केंद्र 1843 साली निघालं आणि 1908 मध्ये ग्रँड हॉटेल उभं राहिलं, पण ती श्रीमंतांची मजा होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या साध्या कुटुंबांनी आपापल्या घरांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली. आई स्वयंपाकघरात, बाप हिशेबाला, मुलं वाढायला. त्यातूनच ही शेकड्यांनी छोटी हॉटेलं उभी राहिली, आणि आजही त्यातली बरीच घरचीच माणसं चालवतात. स्पर्धा इतकी की जेवण वाईट दिलं तर पुढच्या वर्षी तोच पाहुणा शेजारच्या दारात दिसतो. म्हणून खोली जुनी, बाथरूम चिमुकलं, पण ताटात कसर नाही, असा अनुभव इथे वारंवार येतो.

शाकाहाराची काळजी तुम्ही विशेष लिहिली आहे, म्हणून सविस्तर सांगते. अशा हॉटेलात रात्रीच्या जेवणाचे पर्याय छापलेला एक कागद सकाळी किंवा दुपारी टेबलावर येतो. पहिला पदार्थ दोन-तीन प्रकारांतून एक, दुसराही तसाच, त्यावर खूण करून द्यायची. पहिल्यात टोमॅटोचा पास्ता किंवा रिसोत्तो (मऊ शिजवलेला भात) असं काहीतरी मिळून जातं. दुसऱ्यात मात्र मासे किंवा मांसच असतं, तिथे चीज किंवा अंडं मागून घ्यावं लागतं. पण खरा आधार म्हणजे भाज्यांचं टेबल. रिमिनीच्या हॉटेलांत जेवणाआधी एका बाजूला मोठमोठी ताटं मांडतात: भाजलेली वांगी, झुकिनी, ब्रेडचा चुरा आणि लसूण घालून भट्टीत भाजलेले टोमॅटो, उकडलेले बटाटे, घेवडा, किसलेलं गाजर, बडीशेपेच्या झाडाचे कांद्यासारखे कच्चे गड्डे. हवं तितकं घ्या. माझ्या मावशीचं जेवण त्यावरच व्हायचं. तिने बरोबर आणलेली शेंगदाण्याची चटणी वाढणाऱ्या मुलाने कौतुकाने चाखून पाहिली आणि नंतर रोज तिच्यासाठी बटाटे जास्त आणून ठेवायला लागला.

नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. काही जण ट्यूना मासाही त्यात चालतो असं धरतात, आणि सूप बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. ‘नो कार्ने, नो पेशे, नो ब्रोदो’ असं सुटं सुटं सांगा: मांस नको, मासे नको, मांसाचं सूप नको. अंडं खात नसाल तर ‘नो उओवा’ही म्हणा. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, सासूबाईंना ते चालत नसेल तर तेही आधीच कळवा.

आणि पियादिना. रिमिनी ज्या भागात येतं त्या रोमान्यातली ही पोळी रस्त्यावरच्या टपऱ्यांवर समोर भाजून देतात. आत स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ चीज आणि रुकोलाचा पाला घातला की दुपारचं जेवण सहा-सात युरोंत उरकतं. पण पारंपरिक पियादिनाच्या कणकेत डुकराची चरबी असते. त्याला स्त्रुत्तो म्हणतात. आतलं सारण शाकाहारी म्हणून लोक निर्धास्त खातात, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. ‘सेंत्सा स्त्रुत्तो’ म्हणजे चरबीविना. ऑलिव्ह तेलातली पियादिना पुष्कळ टपऱ्यांवर मिळते, फक्त विचारायला हवं.

जागेचं म्हणाल तर नकाशावर सगळ्यात आधी रेल्वेचा रूळ शोधा. तो किनाऱ्याला समांतर धावतो. हॉटेल समुद्र आणि रूळ यांच्या मध्ये असेल तर उत्तम. रुळापलीकडचं हॉटेल स्वस्त दिसतं, पण रोज भुयारी रस्ता ओलांडून जायचं, आणि सासूबाईंना उन्हात ते जड जाईल. अगदी रुळालगतचं तर नकोच, रात्री गाड्यांचा आवाज येतो. मारीना चेंत्रो हा मधला भाग गजबजलेला आणि महाग. उत्तरेला विझेर्बा आणि तोर्रे पेद्रेरा हे शांत, कुटुंबांचे भाग. तिथे पाण्यात दगडांचे बांध घातलेले असल्यामुळे लाटा आणखी सौम्य असतात. दक्षिणेला रिवाझ्झुर्रा आणि मिरामारे स्वस्त आहेत, तिकडून मेत्रोमारे नावाची इलेक्ट्रिक बस रिमिनी स्टेशन आणि शेजारचं रिच्चोने गाव या दोन्हीकडे जाते. तुमच्या घरासाठी मी विझेर्बा निवडेन.

किनाऱ्यावर पहिल्यांदा गेलात की छत्र्यांच्या सरळ रांगा बघून बिचकाल. ही खाजगी केंद्रं आहेत, त्यांना बान्यो म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. नाट्यगृहासारखा हिशेब असतो: पाण्याजवळची पहिली रांग महाग, मागे जाल तशी स्वस्त. मुलगी लहान असली तरी मागची रांग घ्या, पाणी तिथूनही दिसतं आणि झोपाळे, घसरगुंड्या मागच्याच बाजूला असतात. पाण्यालगतच्या पट्ट्यातून कुणालाही फुकट चालता येतं, त्यावर कुणाची मालकी नाही, पण तिथे चटई पसरून बसता येत नाही. फुकट बसायचं तर मोफत किनाऱ्याचे तुकडे आहेत, त्यातला एक बंदराच्या कालव्याजवळ. तिथे सावली मात्र आपली आपण न्यायची.

बुकिंगच्या साइटवर हॉटेल शोधा, पण ठरवण्याआधी हॉटेलला थेट ई-मेल करा. साइटचं कमिशन वाचतं म्हणून बरेच मालक थोडा दर कमी करतात किंवा छत्री त्यातच धरतात. 2025 पासून इटलीत प्रत्येक हॉटेलला आणि भाड्याच्या घराला सीआयएन हा राष्ट्रीय क्रमांक जाहिरातीत दाखवणं बंधनकारक आहे. तो नसेल तर पैसे पाठवू नका. आगाऊ रकमेला कापार्रा म्हणतात. इटलीच्या कायद्यात ‘कापार्रा कोन्फिर्मातोरिया’ असेल तर तुम्ही रद्द केल्यावर ती रक्कम बुडते, आणि हॉटेलने शब्द मोडला तर त्यांना दुप्पट परत द्यावी लागते. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द होणारंच बुकिंग ठेवा आणि तसं लेखी घ्या. व्हिसासाठी चौघांची नावं असलेलं बुकिंगचं पत्र लागतं, शिवाय किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उगाच शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

शहराचा पर्यटक-कर हॉटेलच्या दरात बहुधा धरलेला नसतो. तो माणशी, रात्रीप्रमाणे आणि हॉटेलच्या तारांकनानुसार निघताना भरायचा असतो. पासपोर्ट सगळ्यांचे मागतील, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्यांना सक्तीचं आहे. खोलीत चहाची किटली क्वचितच असते. सासूबाईंना पहाटे चहा लागत असेल तर हॉटेलातला बार (इथे चहा-कॉफी तिथेच मिळते) किती वाजता उघडतो ते विचारून ठेवा.

येण्याजाण्यासाठी बोलोन्याहून प्रादेशिक गाडी दीड तासाच्या आत पोचवते, तिकीट 11 युरोंच्या आसपास, आणि 4 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मं. वेगवान गाडी थोडीच आधी पोचते, तिला जास्त पैसे घालू नका. ढग आले तर जुन्या गावात जा. ऑगस्टस या रोमन सम्राटाची इसवी सन पूर्व 27 मधली कमान आणि त्याच्यानंतरच्या तिबेरियसचा पूल दोन्ही चालत बघता येतात, तिकीट नाही. रावेन्ना गाडीने तासाभरावर आहे, तिथल्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या मोझेइकसाठी (रंगीत तुकडे जोडून केलेली भिंतींवरची चित्रं) एक दिवस नक्की काढा. सान मारिनो या चिमुकल्या देशाची बस रिमिनी स्टेशनसमोरूनच सुटते.

हॉटेलला लिहिताना हे प्रश्न एकाच ई-मेलमध्ये घाला: चौघांचा जेवणासकट एकूण दर किती, मुलीला सवलत किती, एसी आणि छत्री त्यात आहे का, जेवताना पाणी धरलंय की वेगळं, लिफ्ट आहे का आणि ती थेट खोलीच्या मजल्यावर जाते का, शाकाहारी जेवण रोज मिळेल का. लिफ्टचं आवर्जून विचारा, जुन्या इमारतींत आधी अर्धा जिना चढून मग लिफ्ट लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवा, तेव्हा मालक हंगामाची तयारी करत असतात आणि उत्तर द्यायला निवांत असतात. तारखा ठरल्या की इथेच कळवा, इटालियनमधला मजकूर मी लिहून देईन.