पाणी 12 अंशांवर आलंय, तळं स्वच्छ दिसतंय, तरी अमोनिया 0.5 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) का? कोई माशांना खाद्य चालू ठेवू का?

पाणी काचेसारखं नितळ असलं म्हणून ते चांगलं असतंच असं नाही. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

थंडी वाढली की अमोनिया संपवणारे फिल्टरमधले जिवाणू मंदावतात. 10 अंशांखाली त्यांचं काम फारच संथ होतं. मासे मात्र जोवर खातात तोवर कल्ल्यांतून अमोनिया सोडतच राहतात. तुमच्याकडे नेमकं हेच घडतंय: खाद्य उन्हाळ्याच्या मापाचं, फिल्टर हिवाळ्याच्या ताकदीचा.

म्हणून आज खाद्य बंद करा. अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते, तेही माशांना विषारी) दोन्ही शून्य आले की दिवसाआड, तेही दुपारी, गव्हांकुराचं कमी प्रथिनांचं खाद्य द्या. पाच मिनिटांत संपेल एवढंच टाका, उरलेले दाणे फुगून स्किमरच्या (पृष्ठभागावरचा कचरा ओढणाऱ्या यंत्राच्या) जाळीत अडकण्याआधी काढा. पाणी 10 अंशांखाली गेलं की खाद्य पूर्ण थांबवा. मासे वर येऊन तोंड उघडतील, तरी द्यायचं नाही. थंडीत पचन जवळजवळ थांबलेलं असतं. तापमान हवेचं नव्हे, पाण्याचं बघा: थर्मामीटर मध्यावर टांगा आणि सकाळचा आकडा धरा.

तुमच्या 5,000 लिटरच्या तळ्यात रोज 500 लिटर पाणी बदला, अमोनिया उतरेपर्यंत. नवं पाणी क्लोरीन काढलेलं हवं आणि तळ्यापेक्षा दोन अंशांहून जास्त गरम-थंड नको. नायट्राइट दिसलं तर आयोडीन नसलेलं 5 किलो मीठ, म्हणजे 0.1 टक्का, बादलीत विरघळवून दोन दिवसांत घाला. मात्र फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषून घेणारं खनिज) असेल तर ते आधी बाहेर काढा. मिठाने त्यात साठलेला अमोनिया परत पाण्यात उतरतो.

बहुतेक जण एक गोष्ट तपासतच नाहीत, ती म्हणजे केएच, पाण्याची क्षारता. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवताना जिवाणू सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता खातात. ती संपली की पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. केएच 100 पीपीएमच्या वर ठेवा. 1,000 लिटरला 30 ग्रॅम खाण्याचा सोडा टाकला की ती साधारण 18 पीपीएमने वाढते. तुमची 60 असेल तर 340 ग्रॅम लागेल, तोही दोन-तीन दिवसांत विभागून. एक मात्र लक्षात ठेवा: सोड्याने पीएच वाढतो, आणि पीएच वाढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. म्हणून आधी पाणी बदला, मग सोडा.

पानं रोज जाळीने काढा, तळातला गाळ ओढून घ्या. फिल्टरचा फक्त स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळा, जैविक मीडियाला (जिवाणू ज्यावर राहतात त्या भागाला) आत्ता हात लावू नका.

पाणी 6-7 अंशांवर आलं की पंप आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) तळापासून वर, पृष्ठभागाखाली फूटभर खोलीवर आणा. सर्वांत जड पाणी 4 अंशांचं असतं, ते तळाशी साचतं आणि कडक थंडीत मासे त्यातच विसावतात. तळातून पाणी ढवळलं तर तो आसरा जातो.