सात मात्रा आणि मीठ-भाकर

प्रश्न : मुलगी बारावी वाणिज्यला आहे. चार वर्षं गिटार शिकते. मॅसेडोनियाच्या व्लात्को स्टेफानोव्स्कींना ऐकून तिला जॅझ गिटारवादक आणि संगीतकार व्हायचंय. यावर पोट भरतं का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, तिने माणूस योग्य निवडलाय. प्रिलेपमध्ये 1957 साली जन्मलेल्या स्टेफानोव्स्कींनी 1976 मध्ये स्कोप्येत ‘लेब इ सोल’ हा जॅझ-रॉक बँड काढला. या नावाचा अर्थ भाकर आणि मीठ. बँड 1995 मध्ये थांबला, पण ते थांबले नाहीत. ‘जिप्सी मॅजिक’ या 1997 च्या चित्रपटाचं संगीत, मिरोस्लाव्ह तादिच यांच्याबरोबर दोन गिटारांवर केलेला ‘क्रुशेवो’ हा अल्बम, अशी कामं पुढे होत राहिली. वादनाचं मानधन त्या रात्रीपुरतं असतं, रचनेचं उत्पन्न मात्र येत राहतं. म्हणून तिने नुसतं वाजवू नये, रचायलाही शिकावं.

त्यांच्या वादनात गावाकडच्या नाचाची लय आहे. बरीच मॅसेडोनियन गाणी 7/8 मध्ये, म्हणजे सात मात्रांत, 3+2+2 अशी चालतात. आपल्या रूपक तालाचे विभागही तेच! पण रूपकात समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (बिनवजनाची जागा) येते, तिथे मात्र पहिल्या मात्रेवर वजन हवं. रूपकच्या सवयीने वाजवलं की नाच मरतो. दुसरी चूक उजव्या हाताची. खाली-वर-खाली-वर असे आघात सरळ चालू ठेवले, तर सात विषम असल्याने पुढचं आवर्तन वरच्या आघाताने सुरू होतं आणि जोर हरवतो. म्हणून खाली-वर-खाली, खाली-वर, खाली-वर असं वाजवावं. तिसऱ्या-चौथ्या मात्रेला सलग दोनदा खाली. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) आधी प्रत्येक मात्रेला लावावा, मग फक्त पहिलीला. शेवटच्या दोन मात्रा लांबून तीन होत असतील, तर लगेच कळतं.

बी.कॉम. होऊ द्या, करार वाचायला कामी येईल. सोबत नोटेशन (स्वरलेखन) आणि हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी) शिकून महिन्याला एक रचना पूर्ण लिहावी, बेस आणि ड्रम्सच्या भागांसकट. पुढे मुंबईचं ट्रू स्कूल ऑफ म्युझिक किंवा चेन्नईचं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी बघा. पण कुठलीही फी भरण्याआधी तिथे रचना कोण शिकवतं ते विचारा.

रचना प्रसिद्ध झाली की इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सदस्यत्व घ्यावं, रॉयल्टी, म्हणजे रचना वाजली की मिळणारा मोबदला, तिथून येते. मैत्रिणींसोबत काही रचलं, तर कुणाचा किती टक्के वाटा हे रेकॉर्डिंगच्या आधीच कागदावर, सह्यांनिशी.